सुमेधचा आवाज कोणता?

दिनेशचा फोन आला तेव्हा मी कुडव्यातल्या माझ्या दुकानात कुणाच्या तरी मोबाईलची काच बदलत होतो. "भाई, सुमेध गेला," एवढंच तो म्हणाला. मी विचारलं, "कुठं?" असला मूर्ख प्रश्न! सडक अर्जुनीच्या अलीकडे ट्रकनं त्याच्या गाडीला उडवलं होतं. धानाच्या बांधीतल्या सारसांचा आवाज टिपायला तो सकाळीच रेकॉर्डर घेऊन निघाला होता. तो आवाज आमच्या पुढच्या गाण्यात घालायचा होता...

सुमेध, दिनेश आणि मी, आमचा बँड तिघांचा, नाव 'गाळपेर'. तलाव आटल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरतात, ती गाळपेर. संगीत ब्लॅक मेटलच्या घराण्यातलं. धुक्यासारखी पसरत जाणारी गिटार, धडाडते ड्रम आणि गाणं कसलं, किंकाळ्याच. सुमेधच्या घरच्या मागच्या खोलीत आम्ही वाजवायचो. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या आईनं आपल्या गोधड्या भिंतींवर टांगायला दिल्या होत्या, तरी शेजारचे काका विचारायचेच, "अंगात येते का रे तुमच्या?"

रस्त्यासाठी पाडलेलं एकेक झाड सुमेधला पाठ होतं. तो म्हणायचा, जंगलाला साहेब लागत नाही, तसा बँडलाही पुढारी लागत नाही. म्हणून एकाचाही नकार असेल तर ती गोष्ट करायची नाही, हा आमचा नियम. चहात साखर किती, यावरही बैठक व्हायची. कव्हरवर नावं नाहीत, फोटो नाहीत. आणि ओरडायचं ते तिघांनी एकाच माइकभोवती उभं राहून, एकाच वेळी, म्हणजे कुणाचा आवाज वेगळा निघणार नाही. मी एकदा म्हटलं होतं, निदान प्रत्येकाचा ट्रॅक वेगळा ठेवू. त्यावर सुमेध भडकला. "कायले? उद्या हा माहा, हा तुहा करत बसाचं हाय का?" मला नकार देता आला असता. नियम होताच की! पण मी मान डोलावली. त्या मान डोलावण्याचा मला आता संताप येतो.

सुमेधच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना आणि जेवणं उरकल्यावर त्याची आई म्हणाली, "तुमचं ते लाव. माह्या पोराचा आवाज आयकू दे." मी लॅपटॉपवर लावलं. तिनं सगळं ऐकलं, मग विचारलं, "यात सुमेध कोनता?"

दिनेशनं ते पुन्हा लावलं. मी कान देऊन ऐकत होतो. तीन गळे एकमेकांत असे मिसळलेले, की आमचा दोस्त आम्हालाच सापडेना. एका जागी एक किंकाळी जरा वर आली आणि मी बोलून गेलो, "हा, आई. हा सुमेध." तो मी होतो. शेवटी खोकल्यासारखा तुटतो, तो माझाच गळा. आईनं स्पीकरला कान लावला आणि तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ते रेकॉर्डिंग मी तिच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं. दोन आठवड्यांनी गेलो, तर ती सुपात तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तो आवाज तुहा होय ना रे?"

मी सुपातले खडे वेचू लागलो.

"लहानपनी रडतानी त्याचा गळा कसा फुटे, मले ठाऊक हाय. खोटं काऊन बोलला?"

"आई, आम्हालाच तो सापडत नाही..." एवढं बोलून मी ढसाढसा रडलो. तिनं मला रडू दिलं. मग म्हणाली, "मंग पुरं लावत जाईन. त्यात कुठीतरी हायच ना तो."

आता ती रोज दुपारी पूर्ण लावते. मी कधी गेलो तर शेजारी बसून ऐकतो. माझा आवाज वर आला की ती हातानं त्याला बाजूला सारते, मागे कोण उभं आहे ते बघायचं असल्यासारखी.