माया ठेवून बेतलेला पिंजरा

इकडे ये बघू, अशी माझ्याजवळ बस. आल्यापासून उंबऱ्यात उभी आहेस आणि उभ्या उभ्याच विचारतेस, "मोठ्या काकू जरा वेड्याच होत्या ना गं?" असं बोलू नये बाळ. होत्या काय, अजून आहेत. आणि वेड्या तर मुळीच नाहीत. दापोडीपासून चाकणपर्यंत हजारो माणसं लोखंड कापतात, वाकवतात, जोडतात. पण लोखंडाला ब्लाउजासारखं बेतणारी बाई या सगळ्या पट्ट्यात एकच झाली, आणि ती माझी थोरली जाऊ.

जाऊबाई शिवणकाम करायच्या. पिंपरीत कंपन्या एकेक करून उभ्या राहत होत्या तेव्हापासून त्यांच्या मशिनवर कामगारांचे खाकी कपडे शिवले जायचे. पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला की अर्धी पिंपरी जाऊबाईंच्या पँटी घालून कामाला निघाली आहे असं मला वाटायचं. त्यांचा एक हट्ट होता, प्रत्येक कपड्यात माया ठेवायची. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. माणूस सुटला की उसवून सैल करता येतं ते. दुसरे शिंपी बोटभर ठेवतील, तर ह्या चार बोटं. माझ्या मुलाच्या मुंजीच्या कोटात त्यांनी एवढी माया ठेवली की उसवत उसवत त्याच कोटावर त्यानं कॉलेज संपवलं. बरं, ही खोड कपड्यांपुरती राहील तर शपथ. भात टाकताना दोन माणसांची माया, गाडी गाठायची तर तासाची माया! एकदा पाहुण्यांना पोचवायला इतक्या लवकर स्टेशनवर नेलं की ते त्यांच्या आधीच्याच गाडीनं गेले. "बघ धाकटे," मला म्हणाल्या, "माया ठेवली की कधी अडत नाही."

कंपन्यांना कपडे पोचवायला तीनचाकी टेंपो होता. त्याचा ड्रायव्हर सणाला गावी गेला तो परत आलाच नाही. जाऊबाईंनी पदर खोचला आणि टेंपोत चढल्या. कोणाकडे शिकल्या विचारलं तर म्हणायच्या, "शिवणयंत्रालाही पायच लागतात ना?" वळणावर हात बाहेर काढायच्या तोसुद्धा कापड फाडल्यासारखा, एका झटक्यात. चाकणच्या रस्त्यावरचे कांद्याचे गाडीवान त्यांना लांबून ओळखायचे आणि आपणहून बैल कडेला घ्यायचे. मागून येणारा ट्रक पुढे गेला तर त्या दिवशी जाऊबाई जेवायच्या नाहीत नीट.

ऐंशी-एक्याऐंशीचा सुमार असेल. भोसरीच्या बाजूला एका कारखानदाराच्या बंगल्यावर त्या गाडीच्या खोळीचं माप घ्यायला गेल्या आणि गाडीच घेऊन आल्या. दोन दारांची, बुटकी, बॉनेटला चामड्याचे पट्टे, दारावर अर्धवट खरवडलेला नंबर. कारखानदाराचा मुलगा कधीकाळी ती रॅलीत पळवायचा. तो परदेशी गेला आणि गाडीत कोंबड्या बसू लागल्या. मोठे दीर, आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो, हातातला चहा तसाच धरून दारात आले.

"हे काय आणलंस?"

"रॅलीची गाडी."

"आणि पळवणार कोण?"

"मी. ही शेजारी बसून नकाशा वाचणार."

ही म्हणजे मी! मला ही बातमी तेव्हाच कळली, दादांच्या बरोबरच.

दादा शांत स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांनी अट घातली. "रॅलीवाले आधी गाडी तपासतात. पास झाली तर मी जन्मात तोंड उघडणार नाही. नापास झाली तर मैदानातूनच भंगारात, आणि उद्यापासून तुझा टेंपोही ड्रायव्हर चालवील." टेंपोचं नाव निघालं तसा जाऊबाईंचा हात कनवटीच्या किल्लीवर गेला. घराबाहेरचं त्यांचं सगळं जग त्या स्टिअरिंगच्या पलीकडे होतं, ते मला ठाऊक होतं. तरी म्हणाल्या, "कबूल."

आता गाडी उलटली तर आतला माणूस चेपू नये म्हणून रॅलीच्या गाडीत पोलादी नळ्यांचा सांगाडा बसवतात. आम्ही त्याला पिंजराच म्हणायचो. गाडीत जुना पिंजरा होता, पण मधल्या काळात नियम बदलले होते. नियमांचे कागद इंग्रजी. मी चौथी शिकलेली, इंग्रजी सगळं शब्दकोशातून उचललेलं. 'रोल' म्हणजे तिथे गाडी उलटणं, पण कोशात त्या शब्दाला गुंडाळी, हजेरीपट आणि पावाचा एक प्रकार असे अर्थ निघाले. त्यातून आम्ही वाट काढली ती अंदाजानं. मग 'सीमलेस' आला. "शिवण नसलेला," मी वाचलं. जाऊबाईंना ते मनाला लागलं. "बिनशिवणीचं काय टिकतं गं जगात?" पण नियम म्हणजे नियम. नळी बिनजोडाची हवी, सीटमागची मोठी कमान एकाच अखंड नळीची हवी, तीही न तापवता वाकवलेली. आणि पिंजऱ्याचे सहाही पाय गाडीच्या तळाला पत्रा लावून पक्के हवेत.

दापोडीचे इस्माईलभाई आमच्या टेंपोचं वेल्डिंग करायचे. त्यांनी जुन्या पिंजऱ्याला हातोडीनं टिचकी मारली. "ये तो मुर्गी का पिंजरा है, बाई. ह्यो पास व्हायचा न्हाई." बिनजोडाची नळी त्यांनी कुठून कुठून खटपट करून मिळवली. कमानीपुरती एकच लांब नळी हाती लागली. "संभाळून बरं का. दुसरी मिळनार न्हाई." जाऊबाईंनी गाडीत शिरून जुनी वर्तमानपत्रं खळीनं जोडली आणि पिंजऱ्याचा कागदी बेत कापला. इस्माईलभाई हसून हसून खाली बसले. मग कामाची रीत सांगू लागले, "आदी नुसते टाके मारतो, मग पक्कं वेल्डिंग."

जाऊबाईंचा चेहरा उजळला. "टाके? म्हणजे कच्ची शिवण! अहो भाई, मग तुम्ही आमच्यातलेच की!"

"हां बाई. फक्त आमची सुई जरा गरम असते."

झालं, दोघांचं मेतकूट जमलं. कागदाबरहुकूम कमान वाकवून तयार झाली. आम्ही ती उचलून गाडीत बसवायला गेलो, तर ती बसेना. खाली तळाशी जागा होती, पण वर छताशी दोन्ही खांदे अडत होते.

"माप कोन घेतलं?" इस्माईलभाईंनी विचारलं.

"मी."

"मग रातीत गाडी आटली म्हनायची."

जाऊबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं बाई! चहूबाजूंनी माया ठेवली मी!"

इस्माईलभाईंनी टोपी काढून डोकं पुसलं. "बाई, लोखंडाला माया नसते हो."

कापून लहान करावी तर मध्ये जोड येतो, म्हणजे नियमात बसत नाही. दुसरी नळी नाही. तपासणी तोंडावर आलेली. जाऊबाई कमानीशेजारी मातीत बसून राहिल्या. घरी आल्यावर टेंपोची किल्ली पुन्हा पुन्हा कनवटीला चाचपत होत्या. मी आपली शेजारी बसून माझ्या ब्लाउजाला हुक लावत होते. त्यांनी एकदम तो माझ्या हातातून ओढला.

"धाकटे, हा अंगाला कशामुळं बसतो?"

"टक्समुळं."

टक्स म्हणजे कपडा अंगासरशी बसावा म्हणून घेतलेली चिमूट, हे तुला सांगायला नको. जाऊबाई तशाच उठल्या, मला घेऊन दापोडीला. "भाई, कमानीला कमरेपाशी दोन्हीकडून टक्स घ्या! गाडीही वर निमुळतीच आहे."

इस्माईलभाई कमानीकडे बघत राहिले, मग गाडीकडे. "थोडी आत मोडायची, म्हना की! तापवायला नको, जोडायला नको." दोन्ही बाजूंना हलकेच एकेक बाक दिला, पायांची जादा लांबी कापली, आणि कमान अशी बसली की छत आणि नळी यांच्यात बोट जाईना. मग टाके, मग पक्कं वेल्डिंग. डोक्याजवळच्या नळ्यांवर जाऊबाईंनी जाड फोम गुंडाळून वर खाकी कापड शिवलं, उलटी टीप घालून.

तपासणीच्या मैदानावर दादा आले ते एका भंगारवाल्याला हातगाडीसकट घेऊन. मला इतका राग आला! तपासणारे साहेब पांढऱ्या मिशांचे, फौजेतून निवृत्त झालेले. त्यांनी नळी ठोकली, जाडी बघायला बारीक भोक पाडून घेतलं, तळाचे सहा पाय एकेक करून चाचपले. जाऊबाईंनी माझा हात एवढा घट्ट धरला होता की बांगडी रुतली. साहेब कमानीच्या बाकावरून हात फिरवत थांबले.

"ये किसने बनाया?"

"बेतला मी," जाऊबाई म्हणाल्या, "आणि शिवला ह्यांनी." इस्माईलभाईंनी कडक सलाम ठोकला. साहेबांना काही कळलं नसावं, पण मिशीतून हसले आणि त्यांनी काचेवर पास झाल्याची चिठ्ठी चिकटवली. सगळ्यांत आधी टाळ्या कोणी वाजवल्या असतील? त्या भंगारवाल्यानं! दादांनी रुमाल काढून गाडीची पुढची काच पुसली, माझ्या बाजूची आणि जाऊबाईंच्या बाजूचीही.

आणि मग आम्ही पळालो गं! मी डावं म्हणायच्या आत गाडी डावीकडे वळलेली असायची. भोसरीच्या वळणाला शिफ्ट सुटली होती. रस्त्याच्या दोन्ही कडांना खाकी कपडेच कपडे, आणि त्यातून एक आरोळी उठली, "मावशी, सोडू नका!" एवढंच मला ऐकू आलं, पुढचं सगळं वाऱ्यात गेलं. चाकणच्या पुढच्या मातीत दोन नव्याकोऱ्या गाड्यांना मागे टाकलं. नंबर आला नाही आमचा, पण कितीतरी शहाणी मंडळी रस्त्यात बंद पडलेली असताना आम्ही आमच्या चाकांवर परत आलो. दादांनी शब्द पाळला. टेंपोची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही.

पुढे बऱ्याच वर्षांनी जाऊबाईंची नजर कमी झाली आणि त्यांनी ती गाडी एका होतकरू मुलाला दिली. तोवर नियम पुन्हा बदलले होते. त्यानं पिंजरा कापून काढला, पण पोरगा गुणी, कमान टेंपोत घालून चिखलीला, जाऊबाईंच्या आताच्या घरी, परत आणून दिली. जाऊबाईंनी ती अंगणात उभी रोवली आणि वर तोंडलीचा वेल चढवला. दादा गेले, इस्माईलभाई गेले. जाऊबाई संध्याकाळी त्या वेलाखाली खुर्ची टाकून रस्त्याकडे कान लावतात. गाडी गेली की कुठल्या गिअरमध्ये गेली ते सांगतात, आणि चालवणाऱ्याला दोन शब्द सुनावतात. हल्ली मात्र एखादी गाडी गेली तरी त्यांना ऐकू येत नाही, मग मीच कानाशी जाऊन सांगते. रविवारी मी तिकडेच असते. तू ये. वेडं कोण ते त्यांच्या समोर बसून ठरव, तोंडली घेऊन जा. पण ये मात्र लवकर.