आभाळातली आग

नायगावची आमची खोली रिकामी करताना बटणांच्या डब्यात वीस बाजूंचा निळा फासा सापडला आणि माझं डोकं पुन्हा तापलं.

कॉलेजात असताना आम्ही चौघं दर रविवारी मंदारच्या खोलीत फँटसी गेम खेळायचो. फासे टाकायचे, राक्षस मारायचे. खेळ चालवायचा मंदार. तिघं मुलगे, मी एकटी मुलगी, म्हणून मला पुजारीण केलेलं. कित्येक महिने मी नुसत्या यांच्या जखमा भरल्या. त्या रविवारी मला पहिल्यांदाच लढाईचा मंत्र मिळाला होता. आपल्या देवाला हाक मारायची आणि आभाळातून आग पाडायची!

दिवेलागणीला मंदारची आई म्हणाली, "देवापुढे दिवा लाव गं." मी हळूच म्हटलं, "काकू, आज नको." मंदारने ते ऐकलं. काकूंनी स्वतःच दिवा लावला, खोलीभर उदबत्तीचा वास पसरला.

तेवढ्यात राक्षस समोर आला. मी मंत्र म्हणून फासा टाकला. वीस! त्याच्यावर आकडाच नाही. मंदार वर न बघता म्हणाला, "आग पडत नाही. आज तुझा देव ऐकणार नाही." बाकीचे दोघं खाली माना घालून हसले.

मी मुकाट पुन्हा जखमा भरायला बसले. तेव्हा मला चक्क लाज वाटली होती. आज त्या लाजेचाच संताप येतो. अरे मंदार, तो देव मी बनवला होता, नावासकट, माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर. माझ्याच देवाला माझा विटाळ?