डाकू जालिम ऊर्फ उत्तम वानखडे

उत्तम वानखडेने एखाद्याला डोक्यावर उचलून रिंगणात आपटलं की मैदानातली हजार माणसं एका सुरात त्याच्या नावाने शिव्या घालायची. त्याच क्षणी तो खाली पडलेल्या पैलवानाच्या अंगावर झेप घ्यायचा, त्याचा गळा आवळल्यासारखं करायचा आणि त्याच्या कानात हळूच विचारायचा, "लागलं का बे?" हे फक्त त्या पैलवानाला आणि मला ऐकू यायचं, कारण मी पंच होतो.

आमची फ्रीस्टाइल कुस्ती आधी ठरवलेली असायची. कोण जिंकणार, कोण हरणार, कोण कुठल्या कोपऱ्यातून उडी मारणार, सगळं. मी अकोल्याला पंचायत समितीत कारकून. उंच होतो, आवाज बरा होता, म्हणून कंपनीचे मालक गावंडेभाऊ यांनी मला पट्ट्यापट्ट्यांचा सदरा घालून रिंगणात उभं केलं. सुट्टीच्या दिवशी बाळापूर, अंजनगाव, दर्यापूर असं फिरायचं. उत्तम नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत, कापडाच्या गिरणीत कामाला होता. आठवडाभर तो मशीनवर, आणि रविवारी काळा मुखवटा चढवला की डाकू जालिम. मुखवट्यामागे कोण आहे हे गिरणीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्याचं काम वाईट वागायचं आणि शेवटी हरायचं. ते काम तो फार निगुतीने करायचा. गावात पोचलो की आधी चहाच्या टपरीवर जायचा आणि गावाला कशाचा अभिमान आहे ते काढून घ्यायचा. अंजनगावात पानमळ्यांना नावं ठेवायचा, बाळापुरात किल्ल्याला. "हा किल्ला हाय का बैलांचा गोठा?" असं त्याने माइकवरून म्हटल्यावर एका म्हातारीने चप्पल भिरकावली होती. उत्तमने ती उचलली, दोन्ही हातांत धरून नमस्कार केल्यासारखं केलं आणि परत दिली. म्हातारी आणखीच खवळली. गाडीत बसल्यावर मला म्हणाला, "सायेब, आज लई मजा आली. बुढी मनापासून चिडली."

त्याचा प्रतिस्पर्धी बहुधा सागर इंगळे. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, देखणा, लोकांचा लाडका, 'वऱ्हाडचा वाघ'. सागरला सगळं उत्तमनेच शिकवलं होतं. "उचलनं कोनीबी करते," तो म्हणायचा, "पडनं शिक. पडताना श्वास सोडून दे. अंग दगडावानी करशीन तं दगडावानीच फुटशीन."

एकच लढत आम्ही हंगामभर गावोगाव करायचो. प्रत्येक गावाला वाटायचं, ही आपल्यासाठीच झाली. मग ॲपवाले आले.

महिन्याची वर्गणी भरून बघायचं ॲप होतं ते. गावंडेभाऊंनी करार केला आणि मैदानं बंद झाली. नांदगाव पेठेजवळच्या एका गोदामात रिंगण कायमचं बांधलं, वर दिवे, चारी बाजूंना कॅमेरे. प्रेक्षक पास देऊन बोलवायचे आणि कधी ओरडायचं ते त्यांना सांगायचे. आता एक लढत एकदाच दाखवता येई. दर आठवड्याला नवं भांडण, नवा सूड, नवी उडी. हे सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. पगार वेळेवर येऊ लागला. दुखापतीला औषधपाणी मिळू लागलं. सागरला सुरतेहून आणि दुबईहून चाहत्यांचे निरोप येत, ते तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. उत्तमही खूश होता. "धुळीत पडून पडून फुफ्फुसाची माती झाली व्हती," म्हणायचा.

ॲपचा दिग्दर्शक निखिल हुशार मुलगा होता, मेहनतीही होता. दर सोमवारी तो आम्हाला लॅपटॉपवर एक आलेख दाखवायचा. कुठल्या क्षणी किती वर्गणीदार लढत सोडून निघून गेले, ते त्यात दिसायचं. एकदा म्हणाला, "उत्तमजी, तुम्ही बोलता तिथे रेष खाली येते. बोलणं कमी करा, उड्या वाढवा."

उत्तमने बराच वेळ त्या रेषेकडे पाहिलं. "मैदानातून मानूस उठून चालला तं मले दिसते," तो म्हणाला. "मी त्याले तथूनच हटकतो, त्याच्या धोतरावर काही बोलतो, तो चिडून परत येऊन बसते. आता या रेषेतला मानूस मी कुठी धुंडू, सांगा?"

निखिलला हसू आलं आणि त्याने पुढचा आलेख उघडला.

पुढे आणखी एक भानगड झाली. आपटण्याचा आवाज घुमावा म्हणून रिंगणाच्या फळ्यांखाली माइक लावले होते. त्यात उत्तमचं ते कानातलं विचारणं स्पष्ट यायला लागलं. वर्गणीदारांनी लिहिलं, हा कसला डाकू, मारतो आणि लागलं का विचारतो. निखिलने हात जोडले, एवढं बंद करा. उत्तमने ऐकलं. मग त्याने हाताची खूण ठरवली. तो पडलेल्याचा हात एकदा दाबायचा. ठीक असेल तर पडलेल्याने उलट दोनदा दाबायचा. मला कानात बसवायचं एक यंत्र मिळालं. त्यातून निखिल सांगेल ते मी दोघांना कुजबुजायचं.

हंगामाची शेवटची लढत थेट दाखवायची होती. सागर कोपऱ्यातल्या खांबावर चढणार, उत्तम त्याला तिथून खाली ओढणार, असं ठरलं होतं. सरावात खांब बुटका होता. त्या दिवशी तो उंच करून ठेवलेला होता. उत्तम मला म्हणाला, "सायेब, हे जास्त झालं." मी निखिलला सांगितलं. तो म्हणाला, कॅमेरा त्याच उंचीला लावलाय, आता बदलता येत नाही.

सागर पडला तो चुकीचा पडला. मान आणि खांदा एकदमच खाली आले. उत्तमने ठरल्याप्रमाणे त्याच्यावर झेप घेतली. मी शेजारी गुडघ्यावर बसून आकडे मोजण्याचं नाटक करत होतो. उत्तमने सागरचा हात दाबला. पुन्हा दाबला.

"सायेब, दाबून नाई राह्यला."

माझ्या कानात निखिल बोलत होता, "थांबू नका, फक्त शेवट करा, सागरला वर घ्या आणि जिंकू द्या, एक मिनिटाचं काम आहे." त्याला त्याच्या पडद्यावर काय दिसत होतं कोण जाणे. पण मला तर सागरचा चेहरा हातभर अंतरावर दिसत होता. तरी मी म्हणालो, "शेवट करा म्हणतात."

हे वाक्य मी उच्चारलं. आजही ते आठवलं की मला माझीच लाज वाटते. पंच मी होतो.

उत्तमने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, मी काय बोललो ते कळलंच नसावं, तसं. मग तो उभा राहिला, मुखवटा ओढून काढला आणि फेकून दिला. घामाने भिजलेला, अर्ध्या पिकल्या केसांचा, पन्नाशीचा एक साधा माणूस दिव्यांखाली उभा होता. "बंद करा सगळं," तो ओरडला. "पोट्ट्याले लागलं हाय. त्याची मान कोनी हालवू नका. गाडी आना आधी."

प्रेक्षकांना वाटलं, हेही ठरलेलंच आहे. काहींनी टाळ्या वाजवल्या. सागरला अमरावतीच्या दवाखान्यात नेईपर्यंत उत्तमने त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, मानेलाही मार होता. डॉक्टर म्हणाले, तेव्हाच उचलून उभा केला असता तर कठीण होतं. पाचसहा महिन्यांत सागर चालता-फिरता झाला.

मुखवटा काढायचा नाही, असं करारात होतं. उत्तमला काढून टाकलं. गिरणीत मात्र सगळ्यांना कळलं. एकदोन दिवस लोक त्याच्याकडे बिचकून पाहायचे, मग डबा खाताना जालिमचा आवाज काढून दाखवायचा आग्रह करू लागले. तो लाजायचा.

त्या मिनिटाची चित्रफीत फोनाफोनांतून फिरली आणि गंमत झाली. ॲपवालेच परत आले. म्हणाले, लोकांना हा माणूस आवडला आहे. आता त्याला मुखवट्याशिवाय, सज्जन पैलवान म्हणून आणू. निखिल स्वतः त्याच्या घरी आला होता, मीही होतो. त्याने आधी माफी मागितली, हे सांगायला हवं.

"मले चांगलं नोका करू, बाप्पा," उत्तम म्हणाला. "चांगल्या मानसाले पब्लिक नुसती पाह्यते. वाईटाशी बोलते. मले बोलनारी पब्लिक लागते." मग म्हणाला, "काही द्याचंच असन तं एक द्या. या सायबाच्या कानातलं ते काढून टाका. अन् लढत थांबवाची का नाई, हे सायबानंच ठरवाचं."

निखिलने ते माझ्या नव्या करारात लिहून घेतलं; उत्तम मात्र परत रिंगणात आला नाही. उत्तमने मला कधीच काही सुनावलं नाही. हे मागितलं, तेवढंच.

गेल्या वर्षी कावीळ झाली आणि तीन आठवड्यांत तो गेला. पुण्यानुमोदनाच्या विधीला सागर आला होता, गिरणीतली पाळी सोडून वीसेक माणसं आली होती. बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, लोक पांगले. मी निघालो तेव्हा त्याच्या बायकोने, शीलावहिनींनी, मला थांबवलं.

"भाऊ, मी ह्यायची एकबी कुस्ती नाई पाह्यली. लोकं शिव्या देतात म्हनून मले जाववे नाई. तुमच्या फोनात हायेत म्हनतात?"

गावोगावच्या शेकडो लढती हवेत विरून गेल्या होत्या. ॲपवरच्या मात्र सगळ्या होत्या. मी वर्गणी भरलेली होती. फोन स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवला आणि एक लढत लावली.

जालिम छाती काढून आला. त्याने रिंगणाला एक फेरी मारली, कंबर हलवून नाचला, समोरच्या माणसाच्या टकलाची थट्टा केली. वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या.

"अवो, हा मानूस लग्नात फोटो काढाले उभा राहत नव्हता," त्या म्हणाल्या. "हे इतकं कधी शिकले?"

लढत संपली. सागरने त्याला चीत केलं, दिवे फिरले.

"एखाद्या वक्ती जिंकले का हो ते?"

"नाही वहिनी. हरणं हेच त्यांचं काम होतं."

 त्यांनी फोनसकट डबा जरा जवळ ओढला.

"असू द्या. दुसरी लावा."