दोनदा सोललेलं क्लच कव्हर

“राठोडभाऊ, हा का तुमचा टिकाऊ रंग?”

प्रज्ञाताईंनी क्लच कव्हर माझ्या टेबलावर ठेवलं आणि नखानं रंग खरवडला. कांद्याचं टरफल निघावं तसा अख्खा पापुद्रा निघाला. तोही दुसऱ्यांदा! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वारंगा फाट्यावर माझं पावडर कोटिंगचं वर्कशॉप आहे. रंगाची कोरडी भुकटी विजेच्या जोरावर धातूला चिकटवायची आणि भट्टीत भाजायची, हे आमचं काम. गेट, ग्रिल, ट्रॅक्टरचे पार्ट असला माल येतो. प्रज्ञाताई औंढ्याला कॉलेजात शिकवतात आणि सुट्टी मिळाली की डर्ट बाइक घेऊन दगडाधोंड्यांत घुसतात. क्लच कव्हर म्हणजे इंजिनाच्या बाजूचं झाकण. त्याच्यावर दिवसभर बूट घासतो, पेट्रोल सांडतं, आतून इंजिन तापतं, बाहेरून चिखल. साधा स्प्रे तिथं टिकत नाही. हीट पेंट उष्णता सोसतो, पण बुटापुढं हात टेकतो. म्हणून मीच छातीठोकपणे पावडर सांगितली होती.

“रंगाचं सोडा,” ताई म्हणाल्या, “खालून धातू सडून राहिलाय. इथं भोक पडायच्या बेतात आहे. हे मॉडेल बंद झालंय, कव्हर कुठंच मिळत न्हाई. हे गेलं की गाडी भंगारात. जमत नसंल तर आत्ताच सांगा.”

“जमतं म्हणजे? ठेवून जा तुमी.” जिभेला हाड थोडंच असतं!

कव्हर बाबूभाईंकडं दिलं. ते माझ्याकडं बफिंग करतात, म्हणजे फिरत्या चाकावर धातू घासून साफ करतात. माझ्या वडिलांच्या वयाचे. त्यांनी कव्हर हातावर तोललं.

“भाऊ, लईच हलकं लागून राहिलं हे.”

“अॅल्युमिनियम हलकंच असतं, बाबूभाई.”

“इतकं?”

“घासा तुमी. पार कोरं करा.”

त्यांनी दिवसभर घासलं. बाकाखाली राखाडी भुकटीचा थर साचला. तो गुरुवार होता. दर गुरुवारी संध्याकाळी मी सगळ्या मशिनींना ऊद दाखवतो. पावडर उडवायच्या बूथकडं निखारा न्यायचा नाही, एवढी अक्कल मला होती. बफच्या बाकाला मात्र कायमच दाखवत आलोय, अॅल्युमिनियमची भुकटी खाली पडलेली असतानाही. धूर नीट निघेना म्हणून मी पुठ्ठ्यानं वारा घातला. एक निखारा उडाला आणि बाकाखाली पडला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग असला पांढरा उजेड पडला की माझे डोळेच दिपले. आग लाल बघितली, पिवळी बघितली, पण पांढरी? जणू वेल्डिंगची ठिणगीच जमिनीवर पसरून राहिली होती! मी पाण्याची बादली उचलली.

“भाऊ, पाणी नको!” बाबूभाई ओरडले.

तोवर बादली रिकामी झाली होती. धडाम आवाज झाला. जळते कण पत्र्यापर्यंत उडाले. मी भिंतीला जाऊन आदळलो. बाबूभाईंनी ब्लास्टिंगच्या, म्हणजे गंज उडवायच्या, कोरड्या वाळूचं पोतं ओढलं आणि सगळं त्या आगीवर पालथं केलं. मग दुसरं. आग दबली. माझ्या भुवया जळाल्या होत्या.

बाबूभाई बाकावरचं कव्हर उचलून माझ्यासमोर आले. “अॅल्युमिनियम व्हय हे? उमर गेली माझी अॅल्युमिनियम घासण्यात. असं कधी पेटलं न्हाई.”

सकाळी पावडर पुरवणाऱ्या कंपनीच्या टेक्निकल माणसाला फोन लावून आगीचं सांगितलं. तो म्हणाला, “घासलेल्या जागी व्हिनेगरचा थेंब टाका.” टाकला. थेंब फसफसून बुडबुडे यायला लागले. अॅल्युमिनियमच्या तुकड्यावर तोच थेंब गप पडून राहिला.

“मॅग्नेशियम आहे,” तो म्हणाला. “पेटल्यावर पाणी टाकलं की आणखी भडकतं, आणि ओल लागली की रंगाखाली सडायला लागतं. त्याला आधी वेगळ्या केमिकलचा थर लागतो, मग इपॉक्सी प्रायमरचं अस्तर, मग पावडर. तुम्ही रंगाच्या आधी काय करत होतात?”

“अॅसिडनं धुवत होतो.”

“अॅसिड तर मॅग्नेशियम खाऊन टाकतं,” तो म्हणाला. मला दरदरून घाम फुटला. अहो, ताईंच्या कव्हरला भोक चिखल पाडत नव्हता, मी पाडत होतो! आणखी एकदा धुतलं असतं तर आरपार गेलं असतं. आगीपेक्षा ह्याचाच मला जास्त धक्का बसला.

केमिकलचा थर द्यायला कव्हर संभाजीनगरला पाठवलं. परत आलं त्याच दिवशी प्रायमर मारला, मग पावडर. ताईंनी सगळा पावसाळा चिखलात घातला. बुटाच्या जागी नुसती चमक उतरली, पापुद्रा कुठंच सुटला नाही. तेव्हा कुठं धीर करून मी त्यांना सगळं खरं सांगितलं. निखारा, बादली, अॅसिड, सगळं.

ताई म्हणाल्या, “मॅग्नेशियमच आहे ते. गाडीच्या पुस्तकात लिहिलंय.”

“अहो, मग सांगितलं काहून न्हाई?”

“तुमी दोन्ही खेपेला एकच विचारलं, काळा मारू का चंदेरी?”

आता गिऱ्हाइकाला मी आधी धातू विचारतो. त्याला माहीत नसेल तर व्हिनेगरची बाटली काढतो. रंगाचं सगळ्यात शेवटी.