म्हशीचा पूर

कशेळ्याच्या बाजारात जगदीशचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतले जळालेले पंप लोक त्याच्याकडे आणतात. तो नवी तार भरून त्यांना परत पाण्यात धाडतो. स्वतः मात्र तो चोपन्न वर्षांचा होईपर्यंत गुडघ्याच्या वर पाण्यात गेला नव्हता.

जगदीश, संतोष, अजेय आणि मी, कर्जतच्या कॉलेजातले मित्र. गणपती गेले की पहिल्या रविवारी जीपने कशेळं गाठायचं, तिथून तासभर चढ आणि मग धबधब्याखालचा डोह. आम्ही तिघं कपडे भिरकावून उड्या मारायचो. जगदीश कातळावर आमचे कपडे सांभाळत बसायचा आणि वर बघायचा. बघायला कुणीतरी लागतंच. वर डोंगरात सर आली तर खाली लख्ख ऊन असतानाही लोंढा येतो, आणि धबधब्याच्या आवाजात तो ऐकू येत नाही. आधी फक्त पाण्याचा रंग बदलतो. रंग बदलला की जगदीशने शिट्टी मारायची, असं ठरलेलं होतं.

बारा-तेरा वर्षांत त्याने ती एकदाच मारली. पाणी लालसर झालं होतं. आम्ही तिघं नुसत्या चड्डीवर करवंदीच्या जाळ्यांतून वर पळालो, अंगभर ओरखडे. पूर काही येईना. वर जाऊन बघतो तर वाडीतली अंबाबाई ओढ्यात म्हशी धूत होती. आमचा अवतार बघून ती पोट धरून हसली. तेव्हापासून जगदीशचं नाव पडलं ‘म्हशीचा पूर’.

पुढे संतोष रसायनीच्या कारखान्यात चिकटला, अजेय पुण्याला गेला, मी पनवेलला. रविवार सुटला. राहिला तो मोबाइलवरचा ग्रुप, त्याचंही नाव म्हशीचा पूर. त्यावर दर वर्षी जुने फोटो आणि ‘पुढच्या वर्षी नक्की’. त्या थंडगार पाण्यासाठी आणि त्या तिघांसाठी माझा जीव अजून तुटतो. पण जीव तुटतो म्हणून उठून कोण जातो?

यंदा श्रावणात जगदीशचा फोन आला. “या वर्षी जायचंच. मला उतरायचं हाय.”

मी हसलो. “आयुष्यभर घाबरलास आणि आता म्हातारपणी?”

“घाबरतो कोण रं? मामा त्या डोहात बुडाला तवा आईला शब्द दिलेला. तू हाय तवर उतरणार नाय, म्हटलं. आता ती नाय.”

त्याची आई, येसूबाई, चैत्रात गेली होती. मला लाज वाटली. आम्ही त्याला भित्रा म्हणून इतकं चिडवलं, आणि हा पठ्ठ्या कधी चकार शब्द बोलला नाही.

रविवार ठरला. शनिवारी संतोषने कळवलं, उद्या ड्यूटी लागलीय. अजेयकडे मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. मग मीही लिहिलं, ‘कंबर धरलीय.’ कंबर ठणठणीत होती. आळस, दुसरं काय! जगदीशने नुसता अंगठा पाठवला.

रविवारी सकाळी चहा पिताना तो अंगठा पुन्हा दिसला. चहा तसाच ठेवून मी निघालो.

डोहावर पोचलो तेव्हा बारा वाजत आले होते. जगदीश त्याच कातळावर उघड्या अंगाने बसला होता. मांडीवर घडी केलेला शर्ट, नजर वर. अंग कोरडं.

“उतरला नाहीस?”

“कसा उतरू?” तो म्हणाला. “वर बघायला कोण हाय?”

मी त्याचा शर्ट घेतला, त्याच्या जागेवर बसलो आणि म्हटलं, “जा.”

तो कातळ धरून धरून उतरला. गुडघे, कंबर, छाती. तुषार तोंडावर आले तसे त्याने डोळे मिटले आणि एकटाच हसायला लागला. संतोष आणि अजेय आत्ता इथे हवे होते, असं फार वाटलं. मी त्याच्याकडे बघतच राहिलो.

त्याने डोळे उघडले आणि ओरडला, “अरे, माझ्याकडं काय बघतोस? वर बघ रं, वर!”

मी मान वर केली. आणि तेव्हा कळलं, इतक्या रविवारांत आम्ही पाण्यात काय धमाल करायचो, ते त्याने कधी बघितलंच नव्हतं.