भैय्यालाल काकांच्या पट्टीवरची खाच

आमच्या सिहोऱ्यात कुणाला टेबल हवं असलं की तो तुमसरला जातो आणि तयार उचलून आणतो. मीही तेच करणार होते. आईने आडकाठी घातली म्हणून बरं, नाहीतर भैय्यालाल काका हा माणूस शेजारी राहूनही मला कळला नसता!

काका सुतार. सत्तरीचे, अंगाने काटक, आणि चिडले की समोरच्याची बिनपाण्याने केल्याशिवाय सोडत नाहीत. उभं आयुष्य त्यांनी नांगर घडवले. ट्रॅक्टर आले, नांगर गेले. हल्ली चौकटी, पाट, खाटेचे पाय असलं काहीबाही करत असतात.

मी अपेक्षा. पुण्याच्या एका कंपनीसाठी घरून विम्याचे कागद तपासते. वर्षभर खाटेवर बसून, धानाच्या पोत्यांना पाठ टेकून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मी दिवस काढले. दिवाळीनंतर मान धरली, मग उजव्या हाताला मुंग्या यायला लागल्या. काम मागे पडलं. साहेबांनी सरळच सांगितलं, महिनाअखेरपर्यंत रोजचे आठ तास भरले नाहीत तर पुण्याला येऊन ऑफिसात बसायचं. बाबांना जाऊन तीन वर्षं झालीत. घरात आई आणि मी. तिला एकटं टाकून मला जायचं नव्हतं, अजिबात नव्हतं! डॉक्टरांनी चार गोळ्या दिल्या आणि म्हणाले, आधी तुमची बसायची पद्धत बदला.

आईने काकांना हाक मारली. ते दारात उभे राहून माझ्याकडे बघतच राहिले.

"अशी बसून काम करून राहिली का व? बैलाले असं जू लावलं असतं तं तोही खाली बसला असता!"

मग घरी जाऊन ते एक सागाची पट्टी घेऊन आले. पुरुषभर उंच, काळी पडलेली, आणि कडेने खाचाच खाचा. एकेक खाच म्हणजे गावातला एकेक नांगरवाला. कोपर वाकवून माणूस उभा राहिला की कोपराखाली नांगराची मूठ यायला हवी, नाहीतर संध्याकाळी तो कण्हत घरी येतो, हे काकांचं शास्त्र. वरच्या एका खाचेवर त्यांनी बोट ठेवलं.

"हे तुह्या बापाची. श्रावणची."

मी त्या खाचेवरून बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं. काकांना त्याचं काही नाही. त्यांनी मला अनवाणी अंगणात उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि पट्टीवर पेन्सिलीने रेघ मारली.

"खाच काहून नाही पाडली, काका?"

"खाच अशी फुकट पडत नाही बेटा. माणसानं नांगर हाकून पाहावं, मंग येऊन म्हणावं, दुखत नाही. तवा खाच. तोवर पेन्सिल."

पाचव्या दिवशी टेबल आलं. मी हौसेने खुर्ची ओढून बसले, तर टेबल थेट हनुवटीला! आईने पदर तोंडाला लावला, पण हसू काही थांबेना. "भाऊजी, हे टेबल होय का मचान?"

काकांचा चेहरा पडला. जन्मभर त्यांनी मापं घेतली ती नांगरामागे चालणाऱ्यांची. बसून काम करणारं माणूस त्यांच्या पट्टीवर कधी आलंच नव्हतं! ते करवत घेऊन आले आणि टेबलाच्या पायावर खुणा करायला लागले. तेवढ्यात माझ्या मीटिंगची वेळ झाली. खाटेवर आईने नेमकी डाळ वाळत घातलेली. काकांना म्हटलं, थोडं थांबा, आणि लॅपटॉप टेबलावर ठेवून उभ्या-उभ्याच बोलायला लागले.

चाळीस मिनिटं झाली. मीटिंग संपली. हात झटकायला गेले, तर झटकण्यासारखं काही नव्हतंच. मुंग्या आल्याच नव्हत्या!

खालून करवतीची पहिली घासघास ऐकू आली.

"काका, कापू नका!" मी अशी ओरडले की बाहेरच्या कोंबड्या पळाल्या.

त्यानंतर काकांना चेवच चढला. दिवसभर उभं राहणंही वाईट, म्हणून एक उंच स्टूल केलं, पाय टेकायला आडवी फळी ठोकली. लॅपटॉपखाली धान मोजायची जुनी पायली उपडी घातली, त्यामुळे पडदा डोळ्यांसमोर आला. वेगळा कीबोर्ड मी मागवला. एक दिवस माझा पाण्याचा माठच खोलीतून नाहीसा! काकांनी तो अंगणाच्या पार टोकाला नेऊन ठेवला होता. म्हणाले, "बैलाले बी बांधावर दम देत होतो. पाणी पाह्यजे तं चालत जा!" मी चिडले, पण चालत गेले. दुखणं एका दिवसात गेलं नाही. हळूहळू मान वळू लागली, हात हलका झाला, आणि शेवटचे पंधरा दिवस रोजचे आठ तास भरले.

महिनाअखेरीला साहेबांचा निरोप आला. घरूनच काम चालू ठेवा. मी पळतच काकांच्या अंगणात गेले, आई माझ्यामागे. नोकरीचं काकांनी विचारलंच नाही.

"दुखते का?"

"नाही दुखत, काका!"

त्यांनी पट्टी मांडीवर घेतली, पेन्सिलीच्या रेघेवर पटाशी ठेवली आणि दोन ठोक्यांत खाच पाडली. बाबांच्या खाचेच्या चार बोटं खाली. भुसा फुंकून ते म्हणाले, "सोळा वर्षांनी पाडली. अन् बाईमाणसाची तं पहिलीच."

मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं. मागे वळून बघितलं, तर आई चपला काढत होती. चुलीपुढे, परातीपुढे, धानाच्या बांधीत रोवणी करताना, सगळा जन्म वाकून काढलेली माझी आई. तिची कंबर दुखते का, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

ती अनवाणी अंगणात उभी राहिली, कोपर वाकवलं आणि लाजत म्हणाली, "भाऊजी, माहं बी माप घ्या ना."