शेवटाकडून वाचणारे वस्ताद

वस्ताद संगणकाला द्यायचा हुकूम शेवटाकडून वाचायचे. बोट एंटरवर टेकवायचं, पण दाबायचं नाही. ओळीच्या उजव्या टोकापासून मागं मागं येत ओठांतल्या ओठांत पुटपुटायचं. अफझलगंजच्या छापखान्यात वीस वर्षं खिळे जुळवले होते त्यांनी. उलटं वाचायला तिथंच शिकले.

"पैले देखना, पानी किधर गिररा," म्हणायचे. म्हणजे हुकमाचा निकाल कोणत्या फाईलीत जाऊन पडतो, ते आधी बघ.

मला हसू यायचं. आमच्या घरातला पहिला बी.एस्सी. मी, हे मी आजही कुणी न विचारता सांगतो. आणि वस्ताद नववी नापास. परदेशी पुस्तकं टाईप करायची कामं तेव्हा नुकती हैदराबादेत येऊ लागली होती. विद्यानगरच्या आमच्या ऑफिसात तीन मुली टाईप करायच्या आणि त्यांच्या फाईली आम्ही दोघं स्क्रिप्ट, म्हणजे संगणकासाठी हुकमांची यादी, लिहून साफ करायचो. जादा स्पेस काढ, अवतरणचिन्हं सारखी कर. हातानं आठवडा लागेल ते काम चहा येईपर्यंत व्हायचं. त्यातही वस्तादांचा हेका, "एक फाइल पे चला के देख. चावल का एक दाना दबाते ना?"

एका दुपारी मी दाणा न दाबता चाळीस प्रकरणांवर एकदम स्क्रिप्ट सोडली. निकाल त्याच फाईलींत परत लिही, असा हुकूम. संगणक फार आज्ञाधारक. लिहायचं म्हणून त्यानं आधी प्रत्येक फाईल रिकामी केली, मग वाचायला गेला तर आत काहीच नाही. चाळीसच्या चाळीस कोऱ्या.

आदल्या संध्याकाळची नक्कल वस्तादांकडं होती. गेलं ते त्या दिवसाचं, मुलींनी सकाळपासून टाईप केलेलं. आणि त्याच शुक्रवारी मी नोकरीत कायम होणार होतो. वडिलांनी गावभर सांगूनही टाकलं होतं. लाईट दिवसातून चारदा जायची. तिच्यावर ढकललं असतं तर साहेबांनी मान डोलावली असती.

"साब चार बजे आते," वस्ताद म्हणाले. "तू बोलता, या बिजली बोलती?"

"नोकरी गेली तर, वस्ताद?"

"तेरे पास डिग्री है ना. मेरे पास तो वो भी नई."

मी सांगितलं. साहेबांनी कायम करणं तीन महिने पुढं ढकललं, वर मुलींची माफी मागायला लावली. "माफी राहू द्या, टाईप करू लागा," त्यातली थोरली म्हणाली. बसलो. काही चूक नसताना वस्तादही शेजारी बसले, आणि त्यांची गती माझ्या दुप्पट निघाली.

कायमचं पत्र आलं तोवर ते नोकरी सोडून सिकंदराबादला मुलाकडं राहायला गेले होते. पेढे घेऊन गेलो. चष्मा लावून त्यांनी पत्र सावकाश वाचलं, घडी घालून परत दिलं.

"आज कितनी फाइलां उडाया?"

"एकपण नाही."

"मतलब काम पे गयाच नई," म्हणाले, आणि पेढा तोंडात टाकला.